शांतताप्रिय नायकाने हात कधी उचलावा?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आपण शिरपूर तालुक्यातले असून अहिराणीत सुमारे दीड तासाचा चित्रपट लिहीत आहात. सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतलेला जवान हा आपला नायक आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी एक शिक्षिका पावरा आदिवासी मुलांसाठी शाळा चालवते आणि तिला तो मदत करतो. तापीच्या पात्रातून रात्री वाळू उपसणाऱ्या टोळीला रस्त्यासाठी नेमकी तीच जागा हवी आहे. मध्यंतरापर्यंत नायक सगळे सहन करतो आणि मध्यंतरानंतर एकेकाला झोडपून काढतो. संहिता वाचून आपल्या मित्रांनी सांगितले की हा माणूस एक तर शांतताप्रिय असेल किंवा मारामारी करणारा असेल, दोन्ही एकदम असू शकत नाही. कुणीतरी सुचवले म्हणून आपण 1971 चा ‘बिली जॅक’ हा अमेरिकन चित्रपट पाहिलात. तो आवडला, पण गोंधळ आणखी वाढला, असे आपण लिहिले आहे.

मित्रांना जे खटकले ते खरे आहे, मात्र त्यांनी दिलेले कारण मला पटत नाही. परस्परविरोधी ओढी असलेली माणसे चित्रपटात चालतात, किंबहुना तीच चालतात. आपल्या संहितेची अडचण अशी आहे की पूर्वार्धातल्या शांततेची किंमत कुणी मोजत नाही आणि उत्तरार्धातल्या हिंसेची किंमत फक्त खलनायक मोजतो. त्यामुळे नायकाचे शांतताप्रिय असणे ही मारामारी सुरू होण्याआधीची नुसती प्रतीक्षा वाटते. प्रेक्षकही त्याच भावनेने बसतो, की हा आता कधी सुटतो.

मी या भागात हौशी रंगभूमीवर आणि लघुपटांसाठी दीर्घकाळ संहिता लिहीत आणि दुरुस्त करत आले आहे, त्या अनुभवातून हे उत्तर देत आहे. काही गोष्टी अर्थातच परिस्थितीवर अवलंबून आहेत. चित्रपट केवळ मोबाइलवर पाहिला जाणार असेल, तर पूर्वार्ध इतका संथ ठेवणे परवडणार नाही. गावोगावी पडदा लावून दाखवणार असाल, तर आपला प्रेक्षक अपेक्षेपेक्षा जास्त धीर धरतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. नायकाची भूमिका करणारा खरोखर माजी सैनिक आहे, कुस्तीगीर आहे की नाटकातला नट आहे, यावरही पुष्कळसे ठरेल. पण हात कधी आणि कशासाठी उचलायचा हा प्रश्न या सर्वांच्या आधी सोडवावा लागतो.

‘बिली जॅक’विषयी थोडे सविस्तर बोलते, कारण आपल्याकडे चित्रपट शिकणाऱ्या मुलांमध्येही तो फारसा कुणी पाहिलेला नसतो. टॉम लाफलिन या अभिनेत्याने टी. सी. फ्रँक या टोपणनावाने तो दिग्दर्शित केला, स्वतःच बिलीची भूमिका केली आणि शाळा चालवणाऱ्या जीनची भूमिका त्याची पत्नी डेलोरिस टेलर हिने केली. बिली हा अर्धा मूळनिवासी (रेड इंडियन), व्हिएतनाम युद्धातून परतलेला आणि त्या युद्धाचा तिटकारा आलेला सैनिक आहे. हे पात्र त्याआधी 1967 च्या ‘द बॉर्न लूझर्स’मध्ये आले होते, आणि तिथे मोटारसायकलवरच्या गुंडांपासून एकाला वाचवायला धावलेल्या बिलीलाच गुंडांपेक्षा कडक शिक्षा होते. ‘बिली जॅक’च्या 1971 मधल्या वितरणावर लाफलिन इतका नाराज झाला की तो न्यायालयात गेला आणि 1973 मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित करून त्याने मोठी गर्दी खेचली. 1974 चा पुढचा भाग तर त्याने एकाच वेळी हजाराहून अधिक चित्रपटगृहांत लावला, जे त्या काळी फार धाडसाचे मानले गेले. म्हणजे अमेरिकेत, त्याच्या स्वतःच्या देशात, हा चित्रपट यशस्वी होता. दुर्लक्ष झाले ते नंतर, आणि आपल्याकडे तर त्याचे नावही फारसे पोहोचले नाही.

आता त्यातला आइस्क्रीमच्या दुकानाचा प्रवेश पुन्हा पाहा. जीनच्या शाळेतल्या मूळनिवासी मुलांना दुकानात काही दिले जात नाही, आणि गावातल्या धनिकाचा मुलगा बर्नार्ड त्यांना ‘गोरे’ करण्यासाठी त्यांच्या अंगावर पीठ ओततो. नंतर बिली येतो. पिठाने माखलेले ते चेहरे पाहून तो हळू आवाजात सांगतो की जीन आणि मुले आपल्याला राग आवरायला सांगतात, आपण मनापासून प्रयत्नही करतो, पण असे काही पाहिले की आपला तोल जातो. त्यानंतर मारामारी होते. प्रेक्षकाला हा प्रवेश फार आवडतो, आपल्यालाही आवडला असे आपण लिहिले आहे, आणि मलाही त्यातले मारामारीआधीचे क्षण उत्तम वाटतात.

तरी एक गोष्ट नीट पाहावी. बिली येतो तेव्हा अपमान होऊन गेलेला असतो. त्याच्या मारण्याने एकाही मुलाच्या अंगावर पडणारे पीठ अडत नाही. म्हणजे तो तिथे संरक्षण करत नाही, शिक्षा करतो. बाहेरच्या बागेत मात्र धनिकाची माणसे त्याला चहूबाजूंनी घेरतात, तिथे तो स्वतःचा बचाव करतो आणि अखेर मारही खातो. एकाच सलग प्रसंगात हे दोन निराळ्या जातीचे हात उचलणे आहे. लाफलिनने त्यांतला फरक ठळक केला नाही. आपण तो करावा.

हा फरक आपला कायदाही करतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 खासगी संरक्षणाच्या हक्काविषयी आहेत. जुन्या दंड संहितेत तीच 96 ते 106 होती. धोका सुरू असेपर्यंतच हा हक्क टिकतो, गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि सरकारी यंत्रणेकडे दाद मागण्याइतका वेळ हाताशी असेल तर हा हक्क उरतच नाही. लेखकाने हे कायद्याच्या भीतीने नव्हे, तर कथेच्या सोयीसाठी वाचून ठेवावे. आपला नायक वाळूवाल्यांच्या मुकादमाला दुसऱ्या दिवशी बाजारात गाठून मारतो. तिथे धोका संपलेला आहे आणि पोलीस ठाणे हाकेच्या अंतरावर आहे. तोच नायक रात्री शाळेच्या खोलीला आग लावायला आलेल्या माणसाचा हात धरतो, तेव्हा गोष्ट निराळी असते. पहिल्या प्रसंगात तो टोळीसारखाच एक बळजबरी करणारा माणूस आहे. चित्रपटात पहिला प्रसंग ठेवायचाच असेल तर जरूर ठेवा, पण मग त्याला तसाच वागवा. पार्श्वसंगीताने त्याची आरती ओवाळू नका.

‘बिली जॅक’मधली सगळ्यात खोल गोष्ट माझ्या मते मारामारीत नाही, मारामारीनंतर आहे. अपमानित झालेला, बिलीमुळे स्वतःची मोटार तळ्यात घालावी लागलेला बर्नार्ड बिलीचे काही बिघडवू शकत नाही. तो ज्यांनी कधीच हात उचलला नाही त्यांच्यावर उलटतो: जीनवर बलात्कार करतो आणि मार्टिन या कोवळ्या मूळनिवासी मुलाला ठार करतो. बिलीच्या हाताची किंमत शाळा मोजते. जीन तर हा अत्याचार बिलीपासून लपवून ठेवते, कारण कळले तर तो खून करील आणि खून झाला तर शाळा संपेल, हे तिला ठाऊक असते. कृपया या ठिकाणी थांबून विचार करा. या चित्रपटात अहिंसेचे व्रत खरोखर पाळणारे पात्र एकच आहे, आणि ते नायकाचे नाही. बिली बर्नार्डला ठार मारतो, वेढला जातो, गोळीने जखमी होऊन लपून राहतो. आणि त्याला शरण यायला राजी करते तीही जीनच, शाळा चालू राहील ही हमी पदरात पाडून घेऊन. खरे नाट्य बिली आणि धनिक यांच्यात नसून बिली आणि जीन यांच्यात आहे.

इथे एक बाई म्हणून आणि लेखिका म्हणूनही माझी तक्रार नोंदवते. जीनवरचा अत्याचार शेवटी बिलीच्या रागाला धार लावण्यासाठी वापरला जातो. तिच्या वेदनेपेक्षा त्याच्या सूडाला पडद्यावर जास्त जागा मिळते. आपल्या संहितेतही मध्यंतरापूर्वी शिक्षिकेचा विनयभंग होतो आणि तेवढ्यावरून नायक ‘जागा’ होतो. हा प्रसंग मी काढून टाकीन. नायकाला निर्णय घ्यायला लावण्यासाठी एका स्त्रीच्या देहाची गरज पडत असेल, तर त्या नायकाजवळ स्वतःचा विचार नाही असाच त्याचा अर्थ होतो.

नायकाचा विचार तपासण्यासाठी मी एक जुनी कसोटी वापरते, आणि ती आपल्याच मातीतली आहे. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत. पहिल्याच प्रवचनात विनोबा एका न्यायाधीशाची गोष्ट सांगतात. शेकडो गुन्हेगारांना फाशी सुनावलेल्या त्या न्यायाधीशासमोर एके दिवशी त्याचाच मुलगा खुनी म्हणून उभा राहतो, आणि तेव्हा त्याला फाशीची शिक्षा अमानुष आहे हे अचानक सुचते. अर्जुनाची रणांगणावरची अहिंसा तशीच होती, ती तत्त्वातून नव्हे तर स्वजनांच्या मोहातून आली होती, असे विनोबांचे म्हणणे. पटकथेत मी हीच गोष्ट उलटी करून विचारते: परक्यांवर अन्याय होतो तेव्हा शांत राहणारा आणि आपल्यांवर होताच उसळणारा नायक शांतताप्रिय आहे का? आपला जवान शेजारच्या गावातल्या कोतवालाला मार बसतो तेव्हा गप्प बसतो आणि सख्ख्या भावाला मार बसताच काठी उचलतो. न्यायाधीशाचाच हा मोह आहे. भावाऐवजी तिथे असा माणूस आणा ज्याच्याशी नायकाचे काही नाते नाही, कदाचित जुने वैरही आहे. मग त्याने काठी उचलली काय आणि न उचलली काय, दोन्हींतून त्याचा स्वभाव दिसेल.

दुसरी त्रुटी पूर्वार्धाची आहे. तिथे शांतता म्हणजे निव्वळ खाली मान घालणे झाले आहे. गांधीजींनी 1920 मध्ये स्पष्ट लिहिले होते की भ्याडपणा आणि हिंसा यांतून एकच निवडायचे असेल तर आपण हिंसेचा सल्ला देऊ. तेव्हा सोसणे म्हणजे आपोआप अहिंसा, हे समीकरण त्यांनाही मान्य नव्हते. आपल्या प्रेक्षकाला निःशस्त्र धैर्य अपरिचित नाही. 9 सप्टेंबर 1942 ला नंदुरबारमध्ये तिरंगा घेऊन निघालेला शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात पडले, आणि ते शहर आजही त्या मुलांना मानते. न मारणारा माणूस इथल्या पडद्यावर दुबळा दिसेल ही आपली भीती अनाठायी आहे. दुबळा दिसतो तो काहीच न करणारा.

म्हणून नायकाला पूर्वार्धात काम द्या. वाळूचा विषय त्यासाठी फार सोयीचा आहे, कारण त्यात करण्यासारखे पुष्कळ असते. रात्री ट्रॅक्टर आणि डंपर कोणत्या वाटेने जातात याची तो वही ठेवतो. तलाठ्याला घेऊन पात्रात जातो, पंचनामा करायला लावतो, पंच म्हणून सही करायला गावात कुणी पुढे येत नाही तेव्हा दारोदार फिरतो. जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली वाहन जप्त होते, तहसील कार्यालयाच्या आवारात उभे राहते, आणि दंड भरून पुन्हा त्याच वाटेवर धावू लागते. ते डंपर शाळेसमोरून हॉर्न वाजवत जाते तेव्हा प्रेक्षकाच्या मुठी आपोआप वळतील, आणि त्याच क्षणी नायकाने मूठ सोडलेली दिसली पाहिजे. संयम हा असा पडद्यावर घ्यावा लागतो: समोर संधी आहे, अंगात ताकद आहे, आणि तरीही माणूस निर्णय बदलतो. मी नटांबरोबर तालमीत मारामारीचा प्रवेश आधी मारामारीशिवाय करून घेते. तो तसा उभा राहिला नाही, तर मारामारीने उभा राहणार नाही हे ओळखावे.

शांततेला स्वतःचा आनंदही हवा. ‘बिली जॅक’मधल्या शाळेत मुले उत्स्फूर्त नाट्यप्रवेश करतात, आणि शाळेकडे संशयाने पाहणारी गावातली काही माणसेही त्यात सामील होऊन खदखदून हसतात. चित्रपटाचा तो भाग सैल आहे असे अनेकांना वाटते, मला मात्र तो अत्यावश्यक वाटतो, कारण बिली कशाचे रक्षण करतो आहे ते तिथे कळते. आपल्या शाळेत सध्या फक्त फळा आहे आणि गरिबी आहे. मुलांना तिथे यायला का आवडते, हे दोन प्रसंगांत तरी दिसू द्या. होळीच्या दिवसांत सातपुड्यात ढोल घुमतो तेव्हा ती शाळा कशी असेल, एवढाच विचार करून पाहा.

खलनायकाविषयी फार लिहीत नाही. धनिक पोस्नर आणि त्याचा मुलगा इतके काळेकुट्ट आहेत की त्यांच्याशी वाद घालण्यासारखे काही उरत नाही, आणि हा त्या चित्रपटाचा दोष आहे. त्या मानाने तिथला शेरीफ, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुख, सरळ माणूस आहे, दोन बाजूंमध्ये अडकलेला. तसे एक पात्र आपल्याकडे पोलीस पाटलाच्या रूपाने सहज येऊ शकते. वाळूच्या धंद्यावर घर चालणारा एखादा ट्रॅक्टरवालाही हवा, ज्याचा मुलगा त्याच शाळेत शिकतो. नायकाच्या काठीचा पहिला तडाखा नेमका त्याला बसला, तर पुढच्या वीस मिनिटांची चिंता आपल्याला करावी लागणार नाही.

मारामारी कशी चित्रित करावी, हेही आपण विचारले आहे. बिलीच्या लाथा हापकिडो या कोरियन युद्धकलेच्या आहेत, आणि अवघड हालचालींसाठी बोंग सू हान हे त्या कलेतले नामवंत गुरू लाफलिनच्या जागी उभे राहिले होते. तेवढे कसब हाताशी नसताना त्याची नक्कल हास्यास्पद दिसते. शिवाय बागेतल्या त्या प्रसिद्ध प्रवेशात आपण उजव्या पायाने कोणत्या गालावर लाथ मारणार आहोत, हे बिली पोस्नरला आधी सांगतो आणि मग मारतो. टाळ्या मिळतात, पण शांतताप्रिय माणूस लाथेची आगाऊ जाहिरात करत नाही. आपल्या जवानाची मारामारी लहान ठेवा, एका मिनिटाच्या आत संपवा, संगीत बंद ठेवा, आणि संपल्यावर कॅमेरा नायकावर न नेता जमिनीवर पडलेल्या माणसावर ठेवा. त्याला उठता येत नाही, कुणीतरी पाणी आणते, त्याची बायको धावत येते. हे सगळे नायकाला उभे राहून पाहावे लागले पाहिजे.

शेवटाबद्दल माझे मत आपल्याला कदाचित आवडणार नाही. टोळी पळते, गाव नायकाला खांद्यावर घेते आणि गुलाल उधळला जातो, हा शेवट सध्याच्या संहितेला शोभतो, सुधारलेल्या संहितेला शोभणार नाही. बिलीला पोलीस घेऊन जातात तेव्हा रस्त्याच्या कडेला मुले मुठी उंचावून उभी असतात. शेवट परिणामकारक आहे, पण वळलेल्या मुठीत तोच जुना गोंधळ शिल्लक राहतो, की मुले बिलीकडून शिकली की जीनकडून. 1974 च्या भागात लाफलिनला बिलीवरचा खटलाच विषय म्हणून घ्यावा लागला, यावरून त्यालाही हा हिशोब अपुरा वाटला असावा असे मी समजते. आपल्या नायकावर गुन्हा दाखल होऊ द्या. तो स्वतः ठाण्यात गेला तर उत्तम. आणि मग चित्रपट त्याच्याबरोबर ठाण्यात न जाता शाळेकडे वळू द्या, जिथे आता संरक्षणाला कुणी नाही आणि सकाळी शिक्षिकेला कुलूप काढायचे आहे.

थोडक्यात सांगायचे, तर मारामारी कमी करा असा माझा आग्रह नाही. संरक्षण आणि शिक्षा यांतला फरक ठेवा, नायकाला परक्यासाठी निर्णय घ्यायला लावा, आणि त्याच्या हाताची किंमत कोण मोजतो ते दाखवा. एवढे झाले की मित्रांचा आक्षेप बहुतेक आपोआप गळून पडेल.

पुनर्लेखनाला सुरुवात करताना संपूर्ण संहिता हातात घेऊ नका. आधी शिक्षिका आणि नायक यांचा एकच प्रवेश लिहा: मारामारीनंतरची रात्र, ती त्याला उद्यापासून शाळेत येऊ नको म्हणून सांगते. तिचे म्हणणे नायकाच्या म्हणण्याइतकेच बळकट झाले पाहिजे, आणि तेही अहिराणीतच. आपल्याकडे एक वाईट सवय पडली आहे की विनोदी पात्रे आणि गुंड अहिराणी बोलतात आणि विचार मांडायची वेळ आली की पात्रे प्रमाण मराठीत भाषण करू लागतात. ती शिक्षिका चिडून, रडून, थट्टा करून, जशी घरी बोलेल तशीच वाद घालू दे. प्रवेश लांबला तरी हरकत नाही. बाजारातल्या मारामारीची जी पाने निघतील, त्यांत तो सहज मावेल.